पीएलएफएसच्या मूळ नोंदींतून बेरोजगारीचा दर काढताना : तयारी, क्रम आणि नेमक्या चुका

१५ मे २०२५ रोजी नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचा, म्हणजे पीएलएफएसचा, पहिला मासिक आकडा जाहीर झाला. एप्रिल २०२५ मध्ये १५ वर्षांवरील लोकांतली बेरोजगारी ५.१ टक्के होती. त्याच्या शेजारी २०२३-२४ चा ३.२ टक्के हा वार्षिक दर ठेवून ‘बेरोजगारी दीडपट झाली’ असं म्हणणं सोपं आहे, पण ते चूक आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत. चूक ते शेजारी ठेवण्यात आहे, कारण ३.२ हा ‘नेहमीच्या स्थिती’चा दर आहे आणि ५.१ हा ‘चालू साप्ताहिक स्थिती’चा. त्याच २०२३-२४ वर्षाचा साप्ताहिक दर ४.९ होता.

प्रसिद्ध तक्ते वाचताना एवढा घोळ होतो, तर मूळ नोंदी उतरवून स्वतः दर काढताना तो कितीतरी वाढतो. भारांक (एक नोंद किती लोकांच्या वतीने धरायची तो आकडा) चुकतो, फाइली चुकीच्या जोडल्या जातात, दुय्यम काम सुटून जातं. शेवटी येणारा आकडा दिसायला सभ्यच असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. खालची पद्धत जुलै २०१७ ते जून २०२४ या काळातल्या, जुलै-जून वर्षांच्या फाइलींसाठी आहे. जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची रचना बदलली. त्या फाइलींना हाच क्रम चालेल, पण भारांकाचं सूत्र त्या वर्षाच्या सूचनापत्रातूनच घ्या.

टप्पा १ : कोणता दर हवा, ते कागदावर लिहा

संगणक सुरू करण्याआधी एका ओळीत चार गोष्टी लिहून ठेवा: कोणती स्थिती, कोणता वयोगट, कोणता भाग आणि कोणता काळ. ‘नेहमीची स्थिती, मुख्य अधिक दुय्यम, वय १५ आणि वर, ग्रामीण महाराष्ट्र, जुलै २०२३ ते जून २०२४.’ ही ओळ नसेल तर पुढचं सगळं काम अधांतरी राहतं.

स्थितीच्या व्याख्या नीट समजून घ्यायला हव्यात.

नेहमीची स्थिती मागच्या ३६५ दिवसांवरून ठरते. मुख्य स्थिती ठरवताना दोन पायऱ्या आहेत. आधी पाहतात की माणसाचा जास्त काळ श्रमबलात (काम करण्यात किंवा काम शोधण्यात) गेला की श्रमबलाबाहेर. श्रमबलात गेला असेल तर मग त्या काळात काम जास्त की बेकारी जास्त, हे पाहतात. मुख्य कामाखेरीज वर्षात ३० दिवस किंवा जास्त दुसरं काम केलं असेल तर ती दुय्यम स्थिती.

चालू साप्ताहिक स्थिती मागच्या सात दिवसांवरून ठरते आणि तिथे नियम वेगळा आहे. सातपैकी एका दिवशी एक तास जरी काम केलं तरी माणूस कामावर धरला जातो. काम नाही, पण शोधत होता किंवा काम मिळालं असतं तर करायला तयार होता, तर तो बेरोजगार. दोन्ही नाही तर श्रमबलाबाहेर.

हा फरक किती खोल जातो, ते एका उदाहरणावरून बघा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातली बाई दिवाळीनंतर चाळीसेक दिवस मजुरीने कापूस वेचते. बाकी वर्षभर घरकाम आणि सरपण आणणं. तिची मुख्य स्थिती ९३, म्हणजे श्रमबलाबाहेर. दुय्यम स्थिती ५१, म्हणजे नैमित्तिक मजुरी. मुख्य स्थितीच्या हिशेबात ती कामगार नाही, मुख्य अधिक दुय्यमच्या हिशेबात आहे. आता सर्वेक्षक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या दारात गेला. पाऊस नाही, निंदणी सुरू झालेली नाही. ‘काम असतं तर गेले असते’ असं ती म्हणाली तर साप्ताहिक स्थितीत ती बेरोजगार ठरते. तसं म्हणाली नाही तर श्रमबलाबाहेर. आणि त्याच आठवड्यात शेजाऱ्याच्या वावरात एक दिवस गेली असेल तर कामावर. बाई एकच, वर्ष एकच, आणि व्याख्येनुसार तीन वेगळ्या रकान्यांत नोंद.

सावध : २०२३-२४ हे सर्वेक्षण वर्ष जुलै २०२३ ते जून २०२४ असं आहे. ते आर्थिक वर्ष नव्हे. जीडीपीच्या एप्रिल-मार्च आकड्यांशी सरळ जुळवणी केली की तीन महिन्यांची सरक राहते.

टप्पा २ : योग्य फाइली उतरवा

नोंदी सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा संकेतस्थळावर फुकट मिळतात, फक्त नोंदणी करावी लागते. प्रत्येक वर्षासोबत चार प्रकारचे कागद असतात: डेटा फाइली, लेआउट (कुठल्या रकान्यात काय), सूचनापत्र म्हणजे रीडमी, आणि प्रश्नावली. चारही उतरवा. लेआउटमध्ये रकान्याचं नाव असतं, पण त्या रकान्यातल्या कोडचा अर्थ बऱ्याचदा प्रश्नावलीतच सापडतो.

डेटाच्या फाइली चार असतात: पहिल्या भेटीची कुटुंबांची आणि व्यक्तींची, आणि पुनर्भेटीची कुटुंबांची आणि व्यक्तींची. जून २०२४ पर्यंतच्या रचनेत शहरी कुटुंबांकडे एकूण चार वेळा जात, ग्रामीण कुटुंबांकडे एकदाच. वार्षिक दर फक्त पहिल्या भेटीच्या फाइलींतून काढतात. पुनर्भेटी शहरी तिमाही दरांसाठी असतात.

सर्वात महागात पडणारी चूक इथे होते. ‘जास्त नोंदी म्हणजे जास्त अचूक’ असं समजून पुनर्भेटीची फाइल वार्षिक हिशेबात मिसळली जाते. मग तीच शहरी कुटुंबं पुन्हा पुन्हा मोजली जातात, देशाचं चित्र शहराकडे झुकतं आणि दर फुगतो, कारण शहरी बेरोजगारी ग्रामीणपेक्षा जास्त आहे.

तपासणी : २०२३-२४ च्या पहिल्या भेटीत १,०१,९५७ कुटुंबं आणि ४,१८,१५९ व्यक्ती आहेत. तुमच्या फाइलीतल्या ओळी एवढ्याच भरल्या पाहिजेत. एकही ओळ कमी-जास्त असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३ : फाइल वाचा, पण एक्सेलमध्ये नको

जुन्या वर्षांच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात. रकान्यांमध्ये स्वल्पविराम नसतो, प्रत्येक रकाना ठराविक जागेवर सुरू होतो आणि ठराविक जागेवर संपतो. लेआउटमधल्या जागा १ पासून मोजलेल्या असतात. पायथनमध्ये अशी फाइल वाचताना मोजणी ० पासून होते आणि शेवटची जागा धरली जात नाही. लेआउटमध्ये १५ ते १६ लिहिलं असेल तर पायथनला १४ ते १६ सांगावं लागतं. हे विसरलं की प्रत्येक रकान्याचं पहिलं अक्षर गळतं. मग वयाच्या जागी अर्धवट आकडे दिसू लागतात, पण फाइल मात्र कुठलीही तक्रार न करता उघडते.

कोडचे सगळे रकाने मजकूर म्हणून वाचा, संख्या म्हणून नको. राज्याचा कोड ०१ असो की गावाचा अनुक्रमांक, पुढचं शून्य महत्त्वाचं असतं. एक्सेलमध्ये फाइल उघडून नुसती सेव्ह केली तरी ०७ चा ७ होतो आणि पुढे फाइली जोडताना त्या ओळी जुळत नाहीत. शिवाय एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ पेक्षा जास्त ओळी बसत नाहीत. तीन वर्षांच्या व्यक्ती एकत्र केल्या की ही मर्यादा ओलांडली जाते आणि उरलेल्या ओळी कापल्या जातात. आर, स्टाटा किंवा पायथन, हातात असेल ते वापरा.

तपासणी : वाचून झाल्यावर चार रकान्यांची वारंवारता काढा: राज्य, ग्रामीण-शहरी, लिंग आणि वय. महाराष्ट्राचा कोड २७, गोव्याचा ३०. वय ० ते शंभरच्या आसपास असावं. लिंगाच्या रकान्यात प्रश्नावलीत नसलेला एकही कोड दिसता कामा नये.

टप्पा ४ : कुटुंबाची ओळख बनवा आणि फाइली जोडा

बेरोजगारीच्या साध्या दराला व्यक्तींची फाइल पुरते. जात, धर्म, कुटुंबाचा आकार किंवा खर्च यांच्यानुसार दर हवा असेल तर कुटुंबाची फाइल जोडावी लागते, आणि त्यासाठी प्रत्येक कुटुंबाची एकमेव ओळख हवी.

ही ओळख एका रकान्यात तयार मिळत नाही. तिमाही, भेट, निवडलेलं गाव किंवा शहरी ब्लॉक (ज्याला एफएसयू म्हणतात), त्यातला उपविभाग, दुसऱ्या टप्प्याचा स्तर आणि कुटुंबाचा नमुना क्रमांक, हे सगळे त्याच क्रमाने जोडून ती तयार करायची. व्यक्तीसाठी त्यापुढे व्यक्तीचा अनुक्रमांक.

दुसऱ्या टप्प्याचा स्तर वगळला जातो, ही नेहमीची चूक. एका गावातली आठ कुटुंबं निवडताना कुटुंबात दहावी किंवा जास्त शिकलेले किती जण आहेत, त्यावरून गट पाडतात, आणि प्रत्येक गटात कुटुंबांना १ पासून क्रमांक देतात. म्हणजे एकाच गावात ‘१ नंबरची कुटुंबं’ अनेक असू शकतात. स्तर न धरता जोडणी केली की प्रत्येक माणसाला अनेक कुटुंबं चिकटतात आणि ओळी वाढतात.

तपासणी : कुटुंबाच्या फाइलीत ओळख एकदाच आली आहे ना, हे जोडण्याआधी पाहा. जोडल्यानंतर व्यक्तींच्या ओळी ४,१८,१५९ च राहिल्या पाहिजेत आणि एकही व्यक्ती कुटुंबाविना उरता कामा नये.

टप्पा ५ : भारांक काढा

या सर्वेक्षणात प्रत्येक माणूस सारख्याच लोकांचं प्रतिनिधित्व करत नाही. शहरांतून लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा जास्त नमुना घेतला जातो, शिकलेल्यांची कुटुंबंही मुद्दाम जास्त घेतली जातात. म्हणून भारांकाशिवाय काढलेल्या दराला काहीच अर्थ नसतो.

समजा पाचच माणसं श्रमबलात आहेत. दोन ग्रामीण कामगार, भारांक ३,००० आणि २,५००. दोन शहरी कामगार, ९०० आणि ७००. एक शहरी बेरोजगार, ९००. डोकी मोजली तर पाचात एक, म्हणजे २० टक्के बेरोजगारी. भारांक धरला तर ८,००० पैकी ९००, म्हणजे ११.२५ टक्के. खऱ्या फाइलीतही फरक याच दिशेने पडतो.

भारांकासाठी व्यक्तीच्या ओळीत चार रकाने लागतात: गुणक (मल्ट), एनएसएस, एनएससी आणि तिमाहींची संख्या. नमुन्याचे दोन भाग केलेले असतात, त्यांना उपनमुने म्हणतात. एनएसएस म्हणजे त्या स्तरात त्या एका उपनमुन्यातले सर्वेक्षण झालेले एफएसयू, एनएससी म्हणजे दोन्ही उपनमुने मिळून झालेले. प्रत्येक उपनमुना स्वतंत्रपणे पूर्ण लोकसंख्येचा अंदाज देतो. दोन्ही उपनमुने असतील तर बेरीज दुप्पट होते, म्हणून निम्मी करावी लागते. गुणकात दशांश चिन्ह लिहिलेलं नसतं, शेवटचे दोन अंक दशांश असतात.

सूत्र असं :

एनएसएस आणि एनएससी सारखे असतील तर, भारांक = गुणक ÷ (१०० × तिमाहींची संख्या)

वेगळे असतील तर, भारांक = गुणक ÷ (२०० × तिमाहींची संख्या)

म्हणजे गुणक ४,५६,०००, दोन्ही उपनमुने हजर आणि तिमाही ४ असतील तर भारांक ५७० येतो.

सावध : तिमाहींच्या जागी सरसकट ४ लिहू नका. एखादा उपस्तर वर्षात तीनच तिमाहींत आला असेल तर त्या ओळीत ३ असतो आणि ३ नेच भागायचं असतं. एका तिमाहीचा दर काढत असाल तर मात्र तिमाहींनी भागण्याचं कारण नाही.

तपासणी : सगळ्या व्यक्तींच्या भारांकांची बेरीज करा. ती शंभर कोटींच्या वर, पण देशाच्या प्रक्षेपित लोकसंख्येपेक्षा कमी यायला हवी. चौपट आली तर तिमाही विसरलात. शंभरपट आली तर दशांश विसरलात. दुप्पट आली तर उपनमुन्याची अट लागलेली नाही. काही फाइलींत भारांक तयार दिलेला असतो. तो पुन्हा भागला तर बेरीज काही लाखांवर घसरते, तेही इथेच पकडता येतं.

टप्पा ६ : माणसांना तीन गटांत टाका

नेहमीच्या स्थितीसाठी कोड असे आहेत: ११ ते ५१ कामावर, ८१ बेरोजगार, ९१ ते ९७ श्रमबलाबाहेर. कामावरच्यांत ११ स्वतःचा व्यवसाय, १२ मालक, २१ घरच्या व्यवसायात बिनपगारी मदत, ३१ नियमित पगारी, ४१ सार्वजनिक कामांवरची मजुरी, ५१ इतर मजुरी. बाहेरच्यांत ९१ शिकणारे, ९२ फक्त घरकाम, ९३ घरकाम आणि त्यासोबत सरपण-चारा-शिवण अशी कामं.

मुख्य अधिक दुय्यम स्थितीत गट पाडण्याचा क्रम फार महत्त्वाचा आहे.

१. मुख्य स्थिती ११ ते ५१ असेल तर कामावर.

२. नसेल, पण दुय्यम स्थिती ११ ते ५१ असेल तरी कामावर.

३. हे दोन्ही नसून मुख्य स्थिती ८१ असेल तरच बेरोजगार.

४. उरलेले श्रमबलाबाहेर.

तिसरी पायरी आधी केली की घोटाळा होतो. समजा पुण्यात एका तरुणाने पाच महिने क्लास केला, चार महिने नोकरी शोधली आणि तीन महिने मित्राच्या दुकानात पगारावर काम केलं. श्रमबलातले सात महिने शिक्षणाच्या पाच महिन्यांपेक्षा जास्त, म्हणून तो श्रमबलात. त्यात शोध चार आणि काम तीन, म्हणून मुख्य स्थिती ८१. पण तीन महिने म्हणजे ३० दिवसांपेक्षा जास्त काम, म्हणजे दुय्यम स्थितीत तो कामावर आहे. मुख्य अधिक दुय्यम दरात तो बेरोजगार मोजायचा नाही. ‘८१ दिसला की बेरोजगार’ असं लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये तो बेरोजगारांत जातो आणि दर वाढतो.

दुय्यम काम नसलेल्यांचा तो रकाना रिकामा असतो, आणि इथे सॉफ्टवेअर फसवतं. स्टाटा रिकाम्या जागेला कुठल्याही संख्येपेक्षा मोठं मानतो, त्यामुळे ‘दुय्यम कोड ११ किंवा जास्त’ ही एकटी अट लिहिली तर दुय्यम काम नसलेला प्रत्येकजण कामावर जातो. आर उलट वागतं. रिकाम्या जागेशी तुलना केली की उत्तरही रिकामं येतं आणि पुढच्या बेरजेत तो माणूस गळतो. रिकाम्या जागी आधी ० भरा, मग अटी लावा. कोड मजकूर म्हणून वाचले असतील तर तुलना करण्याआधी फक्त मुख्य आणि दुय्यम स्थितीच्या रकान्यांचं संख्येत रूपांतर करा.

साप्ताहिक स्थितीत कोड जास्त आहेत. ११ ते ७२ कामावर. यात ६१, ६२, ७१ आणि ७२ म्हणजे काम होतं पण आजारपणामुळे किंवा इतर कारणाने त्या आठवड्यात केलं नाही, असे लोक येतात. त्यांना वगळू नका. ४२ हा रोजगार हमीच्या कामाचा कोड आहे. ८१ आणि ८२ दोन्ही बेरोजगार: पहिला काम शोधणारा, दुसरा न शोधणारा पण तयार असलेला. ८२ विसरला जातो, आणि ग्रामीण भागात तो विसरणं म्हणजे कामाची वाट पाहणाऱ्या मजुरांना पुसून टाकणं. ९१ ते ९८ बाहेर.

टप्पा ७ : दर काढा आणि ताळा जुळवा

वय १५ आणि वर असलेल्या ओळी घ्या. मग भारांकांच्या बेरजांवर तीन दर काढा.

श्रमबल सहभाग दर = (कामावर + बेरोजगार) ÷ एकूण लोक

कामगार-लोकसंख्या गुणोत्तर = कामावर ÷ एकूण लोक

बेरोजगारी दर = बेरोजगार ÷ (कामावर + बेरोजगार)

बेरोजगारी दराचा भाजक श्रमबल आहे, लोकसंख्या नाही. भाजक चुकला की दर जवळपास अर्ध्यावर येतो, स्त्रियांच्या बाबतीत त्याहूनही खाली.

आता महाराष्ट्राकडे, विभागाकडे, वयोगटाकडे जाण्याआधी देशाचा आकडा जुळवा. २०२३-२४ साठी, नेहमीची स्थिती मुख्य अधिक दुय्यम, १५ वर्षांवरील, हे आकडे यायला हवेत:

सहभाग दर ६०.१, पुरुष ७८.८, स्त्रिया ४१.७
सहभाग दर ग्रामीण ६३.७, शहरी ५२.०
कामगार-लोकसंख्या गुणोत्तर ५८.२
बेरोजगारी ३.२, ग्रामीण २.५, शहरी ५.१
१५ ते २९ वयोगटाची बेरोजगारी १०.२

हाताने करायचा एक ताळाही आहे. सहभाग दरातून कामगार गुणोत्तर वजा करा आणि सहभाग दराने भागा: ६०.१ वजा ५८.२ म्हणजे १.९, भागिले ६०.१, म्हणजे ३.२ टक्के. कुणाच्याही लेखातले हे तीन आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर त्यातला एक दुसऱ्या व्याख्येतून आला आहे, असं समजा.

दशांशाच्या पहिल्या स्थानापर्यंत आकडे जुळले नाहीत तर ‘थोडाफार फरक चालतो’ असं म्हणू नका. नोंदी त्याच, सूत्र तेच, मग आकडाही तोच यायला हवा. फरकावरून चूक शोधता येते. ग्रामीण आणि शहरी दर वेगवेगळे जुळतात पण एकूण दर जुळत नाही, तर भारांकात चूक आहे. पुरुषांचा दर जुळतो आणि स्त्रियांचा जुळत नाही, तर दुय्यम स्थितीत चूक आहे. तरुणांचा दरच फक्त वेगळा येतो, तर वयाची अट तपासा.

टप्पा ८ : राज्य, विभाग, जिल्हा : किती खोल जाता येतं

देशाचा दर जुळला की राज्याचा काढायला हरकत नाही. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात ग्रामीण-शहरी आणि स्त्री-पुरुष अशी फोडही टिकते. त्याखाली सर्वेक्षणाचे स्वतःचे विभाग आहेत. महाराष्ट्रात ते सहा: किनारपट्टी, अंतर्गत पश्चिम, अंतर्गत उत्तर, अंतर्गत मध्य, अंतर्गत पूर्व आणि पूर्व. ढोबळमानाने कोकण, पश्चिम महाराष्ट्र, नाशिक-खानदेश, मराठवाडा, पश्चिमेकडचा विदर्भ आणि भंडारा-चंद्रपूर-गडचिरोलीकडचा पट्टा. या विभागांचे दर काढता येतात, पण प्रमाणदोष (नमुन्यामुळे दर किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) सोबत दिल्याशिवाय छापू नयेत.

जिल्ह्यावर थांबा. फाइलीत जिल्ह्याचा कोड आहे, म्हणून दर काढता येतो असं नाही. २०२४ पर्यंतचा नमुना विभाग धरून आखलेला होता, जिल्हा धरून नव्हे. एका जिल्ह्यात मोजके एफएसयू, प्रत्येकात आठ कुटुंबं आणि त्यात बेरोजगार किती, तर कधी पाच, कधी दोन. एखादं कुटुंब इकडचं तिकडे झालं तरी दर दुप्पट होतो. वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीसाठी हा मोह मोठा असतो, पण तो टाळायलाच हवा. गोव्याच्या बाबतीतही राज्याच्या एकूण दरापलीकडे, वयोगट किंवा शिक्षणानुसार, फार सावधपणे जा.

एक साधा नियम पाळा: दराच्या भाजकात, म्हणजे श्रमबलात, प्रत्यक्ष नोंदी किती आहेत आणि अंशात, म्हणजे बेरोजगारांत, किती आहेत, हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहा. अंशात तीसपेक्षा कमी नोंदी असतील तर तो आकडा छापू नका.

प्रमाणदोष काढताना सॉफ्टवेअरला नमुन्याची रचना सांगावी लागते. एफएसयू हा समूह. राज्य, ग्रामीण-शहरी, स्तर आणि उपस्तर मिळून एक थर. नुसता स्तराचा रकाना दिला तर वेगवेगळ्या राज्यांतले ‘१ नंबर’ एकच थर होतात. काही थरांत एकच एफएसयू उरतो आणि सॉफ्टवेअर प्रमाणदोष द्यायला नकार देतं. स्टाटा आणि आर दोन्हींत अशा एकुलत्या एफएसयूसाठी वेगळा पर्याय असतो, तो निवडा आणि निवडल्याचं टिपेत सांगा. राज्यासाठी ओळी कापून घेऊ नका. पूर्ण फाइल ठेवून ‘उपगट’ म्हणून महाराष्ट्र सांगा, म्हणजे थरांची रचना मोडत नाही.

टप्पा ९ : ‘किती लाख बेरोजगार?’

टक्केवारीवर लोकांचं समाधान होत नाही, संख्या हवी असते. इथे भारांकांची बेरीज थेट छापली जाते, आणि ती कमी पडते. सर्वेक्षणाची एकूण लोकसंख्या प्रक्षेपित लोकसंख्येपेक्षा कमी येते, त्यामुळे बेरोजगारांची संख्याही कमी दिसते.

बरोबर पद्धत अशी. सर्वेक्षणातून फक्त प्रमाण घ्या: सर्व वयांच्या दर हजार लोकांमागे किती बेरोजगार. हे प्रमाण ग्रामीण पुरुष, ग्रामीण स्त्रिया, शहरी पुरुष आणि शहरी स्त्रिया असं चार तुकड्यांत काढा. मग जुलै २०२० मध्ये लोकसंख्या प्रक्षेपण तांत्रिक गटाने दिलेल्या २०११ ते २०३६ च्या प्रक्षेपणांतून त्या चार तुकड्यांची लोकसंख्या घ्या. सर्वेक्षण वर्षाचा मध्य १ जानेवारी, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या तारखांवरून त्या दिवसाची संख्या काढा. प्रत्येक तुकड्याचा गुणाकार करून चारांची बेरीज. इथे मुद्दाम सर्व वयांचं प्रमाण घ्यायचं, म्हणजे १५ वर्षांवरची लोकसंख्या वेगळी शोधावी लागत नाही.

उत्तर हजारांत किंवा लाखांत पूर्णांक करून लिहा. शेवटच्या एककापर्यंत लिहिलेली संख्या या पद्धतीतून मिळूच शकत नाही.

टप्पा १० : वर्षांची तुलना आणि मजकुरातली ओळ

२०१७-१८ ते २०२३-२४ ही सात वर्षं एकाच रचनेची आहेत, त्यांची तुलना होते. तरी २०१९-२० कडे वेगळं पाहा. मार्च २०२० मध्ये प्रत्यक्ष गाठीभेटींचं काम थांबलं होतं, आणि एप्रिल-जून २०२० ही टाळेबंदीची तिमाही त्याच वर्षात येते. तरीही नेहमीच्या स्थितीचा दर २०१८-१९ च्या ५.८ वरून ४.८ वर उतरला. असा उतार दिसला की बेरोजगारीचा दर बाजूला ठेवून कामावरच्यांची कोडनिहाय फोड करा. माणूस पगारी कामावरून घरच्या शेतात मदतीला गेला, म्हणजे ३१ चा २१ झाला, तरी तो ‘कामावर’च राहतो. स्त्रियांचा सहभाग दर २०१७-१८ च्या २३.३ वरून २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला, आणि याच काळात एकूण कामगारांत स्वयंरोजगारितांचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेला. या वाट्यात २१ कोडवाले बिनपगारी मदतनीसही येतात. त्यांचं प्रमाण दाखवल्याशिवाय ‘नोकऱ्या वाढल्या’ असं लिहिणं वाचकाशी अन्याय आहे.

२०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६८व्या फेरीशी (बेरोजगारी २.२ टक्के) तुलना करताना, तेव्हा कुटुंबं शिक्षणाच्या गटांनुसार निवडली जात नव्हती, हे त्याच वाक्यात सांगा.

जानेवारी २०२५ नंतर जिल्हा हा मूळ स्तर झाला, प्रत्येक एफएसयूत आठऐवजी बारा कुटुंबं आली, ग्रामीण कुटुंबांकडेही चार वेळा जाणं सुरू झालं आणि वार्षिक अहवाल जानेवारी-डिसेंबर वर्षाचा झाला. म्हणून आलेखात २०२४ आणि २०२५ यांच्यामध्ये रेषा तोडा, सलग जोडू नका. मासिक आकडे साप्ताहिक स्थितीचे आहेत. त्यांची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, कारण पेरणी, कापणी आणि परीक्षा यांचा हंगामी चढउतार त्यात जसाच्या तसा असतो.

मजकुरात किंवा आलेखाखाली जाणारी ओळ साधारण अशी असावी : ‘बेरोजगारी दर, नेहमीची स्थिती (मुख्य अधिक दुय्यम), वय १५ आणि वर, ग्रामीण महाराष्ट्र, जुलै २०२३ ते जून २०२४, पीएलएफएस पहिल्या भेटीच्या मूळ नोंदींवरून, भारांकासह, नोंदींची संख्या आणि प्रमाणदोष तक्त्यात.’ प्रोग्रॅमची फाइलही सोबत द्या, म्हणजे दुसऱ्याला तोच आकडा पुन्हा काढून पाहता येईल.